गुरुवारी अकरा वाजता

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. दूधवाल्यानं हसून रामराम केला तरी मी आधी दुधात बोट बुडवून बघतो. घरात यावरून माझी रोज चेष्टा व्हायची आणि मी ऐटीत म्हणायचो, हसा, पण मला आजवर कुणी फसवलेलं नाही. एका दसऱ्यानंतर हे वाक्य मी बोलायचं सोडलं.

कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात कॉम्प्युटरची सगळी व्यवस्था मी बघायचो. तिसऱ्या मजल्यावर एसी लावलेली खोली, तिच्यात सर्व्हर. काही लोखंडी, डोळ्यांना दिसणारे. बाकीचे त्या लोखंडाच्या पोटातच नांदणारे, पडद्यावर फक्त त्यांची नावं दिसायची. केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, सगळं त्यांच्या जिवावर. ते बंद-चालू करायचा एक क्रम असतो. बंद करताना आधी वरकामाचे, मग माहिती सांभाळणारे आणि सगळ्यात शेवटी ती माहिती ज्यात साठते तो डबा. चालू करताना बरोबर उलटं. पंगतीत वाढपीच आधी जेवायला बसले तर बाकीच्यांना वाढणार कोण, तसं आहे ते. म्हणून मी सगळ्यांचा एक गट करून ठेवला होता. एक हुकूम सोडला की अख्खा गट ओळीनं झोपायचा.

खोलीची दुसरी किल्ली दवाखान्याच्या वायरमनकडे असायची. वयानं माझ्या वडिलांच्या जवळपास, गडमुडशिंगीहून सायकलवर यायचे, निवृत्तीला दीडेक वर्ष राहिलेलं. सगळे त्यांना मामा म्हणायचे. दर गुरुवारी अकराच्या सुमारास ते त्या खोलीत येऊन बॅटऱ्यांचं पाणी बघायचे.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मामा माझ्याकडे आले. "साहेब, आपली मशिनं वरीसभर राबत्यात. जनरेटरला सुट्टी देतो, पूजा करतो. ह्यास्नी घटकाभर इसावा नको व्हय?"

मोठ्या डॉक्टरांनी तासाभराची परवानगी दिली. आरतीच्या वेळी कीबोर्ड बडवत बसायला नको म्हणून मी गटाला आधीच वेळ लावून दिली, गुरुवार, सकाळी अकरा. दुसऱ्या दिवशी कुणीही हात न लावता मशिनं एकामागून एक शांत झाली. मामा बघतच राहिले. मग म्हणाले, "आन् त्या न दिसणाऱ्यास्नी कुंकू कुठं लावायचं?" मी म्हटलं, लावा पडद्यालाच. त्यांनी खरंच लावलं. वर खिशातली छोटी वही काढून कोण आधी झोपतं, कोण आधी उठतं, ते मला विचारून विचारून लिहून घेतलं.

पुढच्या गुरुवारी सगळं बंद पडलं. खाली ओपीडी खच्चून भरलेली. शिरोळहून आलेला एक जण खिडकीवर थाप मारून म्हणत होता, "पावणं, आईचा रिपोर्ट कवा मिळणार तेवढं सांगा की." गट उठवायला चाळीस मिनिटं गेली. विजेचा काहीतरी घोळ असेल म्हणून मी सोडून दिलं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. आता मात्र मनात पाल चुकचुकली. विजेच्या घोळानं मशिनं धडाधड पडतात. ही ओळीनं, शिस्तीत बंद झाली होती. म्हणजे क्रम माहीत असलेल्या माणसाचं काम. नोंदी उघडल्या, तर दोन्ही वेळा हुकूम सोडणाऱ्याच्या जागी माझंच नाव. मी तर दोन्ही वेळा कँटीनमध्ये चहा पीत होतो.

सांगायला लाज वाटते, पण माझा पासवर्ड मी कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठीवर चिकटवून ठेवला होता. त्या खोलीत माझ्याशिवाय येतं कोण? गुरुवारी अकराला येतं कोण? क्रम वहीत उतरवून घेतला कुणी? शिवाय बॅटऱ्यांचं काम बाहेरच्या कंपनीला द्या, अशी सूचना मी महिनाभरापूर्वी केली होती आणि ते मामांच्या कानावर गेलं होतं. म्हातारा राग काढतोय, मी ठरवून टाकलं. एकदा माणूस सापडला की पुढं शोधायचं काही उरतच नाही. पासवर्डसुद्धा मी मुद्दाम बदलला नाही. मला त्यांना रंगेहाथ पकडायचं होतं.

तिसऱ्या गुरुवारी मी जिन्यात दबा धरून बसलो. अकराला पाच कमी असताना मामा आत गेले. अकराला खालून ओरडा ऐकू आला. मी धावत आत शिरलो. मामा हातात पाण्याचा कॅन घेऊन उभे होते आणि मशिनं ओळीनं विझत होती.

"काय झालं ओ, साहेब?" त्यांनी विचारलं. काय साळसूद चेहरा, मला वाटलं.

मी त्यांना तसंच मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये नेलं आणि खिशातली वही काढायला लावली. क्रम तिच्यात होताच. मामा म्हणाले, "तुमी रजेवर असला आन् लाईट गेली तर कुणाला तरी ठावं असावं, म्हणून लिवलंय. मी ज्याच्या पाया पडतो त्ये बंद कशाला पाडीन?"

डॉक्टरांनी मला विचारलं, "खात्री आहे तुमची?"

"शंभर टक्के," मी म्हणालो.

मामांनी किल्ली टेबलावर ठेवली. पुढचं ठरेपर्यंत त्यांना घरी थांबायला सांगण्यात आलं. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्याचाही मी सोयीचा अर्थ लावला.

चौथ्या गुरुवारी मी आतून कडी लावून खोलीत एकटाच बसलो. दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात. अकरा वाजले आणि माझ्या डोळ्यांदेखत पहिलं मशीन विझलं. मग दुसरं. माझे हात मांडीवर होते. मग कुठं मला गटाची लावून ठेवलेली वेळ बघायची बुद्धी झाली. खंडेनवमीसाठी मीच लावलेली ती वेळ तिथं जशीच्या तशी होती आणि तिच्यापुढं लिहिलं होतं, दर आठवड्याला. घाईत मी ते बघितलंच नव्हतं. माझ्या हुकमावर माझंच नाव पडत होतं.

मी त्याच पावली डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते रागावलेही नाहीत. "नाव तर पहिल्यापासून तुमचंच होतं की," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी गडमुडशिंगीला गेलो. मामा गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होते. मी पाया पडलो, माफी मागितली. त्यांनी मला उठवलं, चहा पाजला, वाकडा शब्द काढला नाही. मी किल्ली पुढं केली, ती मात्र त्यांनी घेतली नाही.

"ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच. येतो की कामावर. पर दार तुमी उघडायचं, आन् माझं काम हुईस्तवर तितंच उभं ऱ्हायचं."

तसंच झालं. निवृत्त होईपर्यंत दर गुरुवारी ते पाणी बघायचे आणि मी दारात उभा. काम झालं की दोन्ही तळवे उघडून माझ्यासमोर धरायचे. "बघून घ्या," म्हणायचे आणि जायचे. टोमणा मारला असता तर मला सोसलं असतं.

पुढची खंडेनवमी आली. मामांनी जनरेटर धुतला, त्याला झेंडूचा हार घातला. मी खाली जाऊन म्हटलं, "मामा, वरचीपण घटकाभर बंद करूया. कुंकू लावायला या."

"नको," ते म्हणाले. "ती मशिनं तुमची हायती."