बर्फाखालची पापणी

पुण्याहून कोल्हापूरला निघालो तेव्हा माझे वय चोपन्न होते आणि संशोधक म्हणून हा माझा पहिलाच स्वतंत्र प्रवास होता. महाविद्यालयात आयुष्यभर जीवशास्त्र शिकवले, तरी अनोळखी दारात उभे राहणे मला अवघड जाते. माझा विषय चेता-स्नायू संधी, म्हणजे मज्जातंतूचा निरोप स्नायू जिथे स्वीकारतो ती सूक्ष्म जागा. मायस्थेनिया या आजारात शरीराचीच प्रतिपिंडे ती जागा अडवतात आणि वापरता वापरता स्नायू थकत जातो.

शाहूपुरीत मुक्काम केला. संध्याकाळी मिसळ मागवली. "पावणं, कट वाढतो की," म्हणत वाढप्याने कट (तिखट रस्सा) ओतलाही. नको म्हणण्याचे धैर्य गोळा होईपर्यंत ताटली भरली होती.

सकाळी सहाच्या एसटीने इचलकरंजी गाठली. वाटेत दुतर्फा ऊस; गावात शिरताच मागांची खडखड. तिथले दत्तूभाऊ यंत्रमाग चालवतात; त्यांना हा आजार आहे. दिवसाची पहिली गोळी घेण्यापूर्वी त्यांची पापणी किती उतरते, हे मला मोजायचे होते. सातला पोचतो, असे फोनवर कळवलेही होते.

दारात उभ्या दत्तूभाऊंचे दोन्ही डोळे लख्ख उघडे होते.

"गोळी घेतलीत?"

"व्हय. पावणं येणार, अन् आम्ही डोळं झाकून बसायचं?"

त्यांच्या पत्नी सुमनताई आतून म्हणाल्या, "मीच दिली की. आल्या माणसाला बोबडं बोलणं ऐकवायचं व्हय?"

चूक माझी होती. मी वेळ सांगितली होती, कारण सांगितले नव्हते. पुढची गोळी चारला होती. तिच्या आधी मोजायचे ठरले.

दुपारी वांग्याची भाजी, भाकरी आणि घट्ट दही झाले. जेवताना दत्तूभाऊ म्हणाले, "मालकाला वाटतंय मी पिऊन येतोय. परवा म्हणालं, अजून एकदा असा दिसलास की घरी बस."

"आजाराचे सांगितले नाहीत?"

"सांगितलं की. म्हणालं, सकाळी बरा अन् संध्याकाळी आजारी, असला कुठला आजार?"

तीनला त्यांची पाळी सुरू झाली. मुकादमाची परवानगी काढून मीही कारखान्यात थांबलो. पावणेचारला पापण्या बुबुळावर आल्या, शब्द नाकात अडकू लागले. मी मोजपट्टी लावली, तोच मालक आले.

"आज बी का, दत्तू?"

मी दत्तूभाऊंना हळूच विचारले, "सांगू?" त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"ही दारू नाही," मी म्हणालो. मागांच्या आवाजावर माझा आवाज चढला होता. "मला दोन मिनिटे द्या."

समोरच्या रसवंतीतून बर्फ आणला आणि रुमालात गुंडाळून त्यांच्या मिटलेल्या उजव्या पापणीवर धरला. गारव्यात निरोपाचे रसायन संधीवर जास्त वेळ टिकते, एवढे मालकांना समजावून सांगेपर्यंत दोन मिनिटे झाली. रुमाल काढला. उजवी पापणी वर गेली होती. डावी होती तिथेच होती.

मालकांनी दोन्ही डोळे वाकून, ताडून पाहिले.

"हे थोडा वेळच टिकते," मी प्रामाणिकपणे सांगितले.

"टिकू दे न टिकू दे. बर्फानं दारू उतरल्याली मी तरी बघितली न्हाय." मग दत्तूभाऊंकडे वळून म्हणाले, "सोमवारपास्नं पहिल्या पाळीला ये. अन् आता आधी गोळी घे, चार वाजलं."

दत्तूभाऊ मला फाटकापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "सर, आता दमलो तर नुसता दमला म्हणत्याल."

पुण्याच्या गाडीत नोंदवही उघडली. बर्फाची ही चाचणी मी अनेकदा वाचली होती. एखाद्या माणसाच्या खरेपणाची ती साक्ष देईल, असे वाटले नव्हते. सकाळचा रकाना कोराच आहे. तो भरायला पुढच्या महिन्यात मी पहाटे पाचलाच त्यांचे दार वाजवणार आहे. सातला त्यांना कामावर जायचे असते.