भोईरकाकांना मी शिकवलेला स्विंग

बायकोला हे माहीत नाही. आईला माहीत नव्हतं, ती तशीच गेली. ज्यांच्याबरोबर रोज सकाळी चहा पितो त्या मैदानावरच्या पोरांनाही नाही — त्यांना वाटतं ती एक गंमत होती, आपोआप घडलेली. आणि ज्याच्या बाबतीत हे केलं, त्याला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, बहुधा म्हणूनच.

मी गोल्फ शिकवतो. खालापूर आणि कर्जतच्या मधे, डोंगराच्या पायथ्याला एक मैदान आहे, तिथे. शनिवारी मुंबईहून गाड्या येतात. उतरणारा प्रत्येक जण आठवड्यात मोबाइलवर बघितलेला कुठला तरी व्हिडिओ डोक्यात घेऊन उतरतो. आज मनगट असं ठेवायचंय, आज खांदा तसा वळवायचाय. पोट आडवं येतं म्हणून कंबर वळत नाही, हे त्यांना कोणी सांगायचं? मी सांगत नाही. मी म्हणतो, "वा सर, आज टर्न फारच मोकळा होता." सर खूश. चेंडू तिकडे करवंदीच्या जाळीत.

मला त्यांची कीव येत नाही, किळस येते. हातमोजा एका हातात, दुसऱ्या हातात फोन, आणि तोंडात सतत आपल्या फार्महाउसचा माळी कसा चोर आहे याची कहाणी. पण खरं सांगू? याच लोकांनी मला आपल्यातलं म्हणावं यासाठी मी जिवाचं रान केलंय. याच मैदानावर मी त्यांच्या पिशव्या उचलायचो. तिथून शिकत शिकत कोच झालो. बोलण्यातलं 'हाय-नाय', 'आमी-तुमी' घासून घासून काढून टाकलं. घरी मी राजाराम, धोंडू सुताराचा मुलगा. मैदानावर राज. कोच राज. ज्यांची किळस येते त्यांच्याचसाठी नाव बदलणारा माणूस — त्याला काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

तर, भोईरकाका.

हे मैदान आधी आमच्या आसपासच्या गावांची भातखाचरं होती. जमीन घेताना कंपनीने शेतवाल्यांना आजन्म मेंबरशिपही देऊन टाकली. देणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं, यातला एकही इकडे फिरकायचा नाही. आणि फिरकलंही नाही कोणी. लोकांनी कार्डं देव्हाऱ्याच्या मागे खोचून ठेवली. एकटे दत्तू भोईर सोडून. ते आमच्या शेजारच्या गावचे. रसायनीच्या एका कारखान्यात ऑपरेटर होते, मोहोपाड्याला कंपनीच्या कॉलनीत राहायचे. रिटायर होऊन गावी परतले, आणि एका शनिवारी सकाळी इस्त्रीची पॅन्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खिशात ते कार्ड, असे थेट प्रॅक्टिसच्या जागेवर येऊन उभे राहिले.

तिथे सगळे मेंबर होते. मी एका मोठ्या बिल्डरला ग्रिप दाखवत होतो. आणि भोईरकाका लांबूनच ओरडले —

"अरं, तू धोंडू सुताराचा राजाराम ना रं? केवढा झालास! लहानपणी आमच्या खळ्यावर नागडा खेलायचास!"

बिल्डर हसला. मग बाकीचे हसले. "राजाराम! वा!" त्या दिवशी दुपारपर्यंत सगळे मला राजाराम म्हणून हाका मारत होते. पाणी आण राजाराम, बॉल दे राजाराम.

एवढंच. त्यांचा गुन्हा एवढाच. त्यांना मला बघून आनंद झाला होता.

मी त्यांच्या हातात काठी दिली. पहिले काही फटके हवेत गेले. मग एक लागला. सरळ, जमिनीलगत, स्वच्छ आवाज करत गेला. जादू वगैरे काही नव्हती त्यात, उगाच वाढवून सांगत नाही. पण साठीच्या माणसाने पहिल्या दिवशी मारलेला तो चांगला फटका होता. आयुष्यभर कष्ट केलेलं शरीर, पाय जमिनीवर घट्ट. नीट शिकवलं असतं तर वर्षभरात शनिवारवाल्यांच्या बरोबरीने खेळले असते. मला ते दिसलं. मी कोच आहे, मला दिसणारच. ते माझ्याकडे वळून बघत होते, लहान मूल चित्र काढून बघतं तसे.

मी म्हणालो, "सगळंच चुकीचं आहे काका. मोडून नव्याने करावं लागेल."

त्यांनी हात जोडले. "मंग शिकवा मास्तर. तुमी सांगाल तसं." त्या क्षणापासून 'अरं राजाराम' बंद. मास्तर आणि तुमी. चारचौघांत, नेहमी.

आता मला सांगा, तिथे थांबायला काय हरकत होती? मला हवं ते मिळालं होतं की!

काठी मागे नेताना शरीराचा भार मागच्या पायावर जातो आणि मारताना पुढच्या. हे अगदी पहिलं, बालवाडीतलं. मी त्यांना उलटं सांगितलं. मागे नेताना भार पुढच्या पायावर टाका, आणि मारताना मागे झुका. करतात का, एवढंच बघायचं होतं. त्यांनी केलं. कसलीही शंका न घेता केलं, आणि मला त्यांचा आणखीच राग आला. माणसाने इतकं भाबडं असावं? पुढच्या शनिवारी मी सांगितलं, मारण्याआधी गुडघ्यात हलकीशी बैठक मारा. मग कोपर बाहेर काढायला लावलं, कोंबडीच्या पंखासारखं. मग म्हटलं, चेंडूला काठी लागताना हनुवटी वर, नजर माथेरानच्या डोंगराकडे.

मेंबर लोक चहाचे कप घेऊन बघायला थांबायला लागले. काका बैठक मारायचे, काठी फिरायची, चेंडू कुठेतरी बाजूला सरपटायचा, आणि ते डोंगराकडे बघत उभे. बिल्डरने एकदा माझ्याकडे बघून डोळा मारला. मीही मारला. त्या डोळा मारण्यासाठी मी किती वर्षं थांबलो होतो! त्यांच्या टेबलावर मात्र मला कोणी बसवलं नाही. आजपर्यंत नाही.

काका घरी सराव करायचे, अंगणात, बांबूची काठी घेऊन. काकू सांगायच्या, न्याहारी गार होते पण हे थांबत नाहीत. मग एक दिवस ते कमरेला पट्टा बांधून आले. म्हणाले, "मास्तर, कंबर लय धरते. कर्जतचा डाक्टर म्हनला, हे बंद करा. थांबू का?"

उलट्या भाराने कमरेच्या मणक्याचं काय होतं, हे मला माहीत होतं. कोच होण्यासाठी केलेल्या कोर्समध्ये तो धडा होता, चित्रासकट.

मी म्हणालो, "दुखतंय म्हणजे बरोबर चाललंय काका. जुनी सवय मोडताना दुखणारच."

हे मी बोललो. चेष्टा कुठे संपली असं कोणी विचारलं, तर इथे. पण मी इथेही थांबलो नाही.

दिवाळीनंतर मेंबरांची स्पर्धा होती. काकांनी नाव दिलं. मी त्यांना बाजूला घेऊन नको म्हणू शकलो असतो. उलट मीच बिल्डरच्या गटात त्यांचं नाव टाकलं — सगळ्यात जास्त गर्दी तिथे असणार होती. काका गावातून टेंपो भरून माणसं घेऊन आले. काकू नव्या साडीत. नेरळहून मुलगी आणि जावई. आपल्याच शेतात इतकी वर्षं पाय न ठेवलेली ती माणसं गवताकडे बघत, चपला हातात घेऊन चालत होती.

काका उभे राहिले. पुढच्या पायावर भार. बैठक. कोपर बाहेर. हनुवटी वर. चेंडू कसाबसा हलला आणि चार हातांवर थांबला. कोणीतरी फुसकन हसलं, आणि मग सगळे हसले, मोबाइल वर झाले. काकांना वाटलं, आपण कमी पडलो. त्यांनी पुन्हा मारला, या वेळी पूर्ण जोर लावून. आणि मधेच कंबर धरली. ते गुडघ्यावर आले आणि मग गवतात आडवे झाले. तरी कोणीतरी हसत होतं. जावई दुसरीकडे बघायला लागला.

मुलगी धावत आली. बापाला धरून तिने माझ्याकडे वर बघितलं. "तुम्हीच शिकवलंत ना बाबांना हे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मेंबर, पोरं, मॅनेजर, टेंपोतली माणसं.

"मी असं नाही शिकवलं," मी म्हणालो. "सांगून सांगून थकलो मी. या वयात माणूस ऐकत नाही."

आणि काका, गवतात पडलेले, दात आवळून मुलीला म्हणाले, "बरोबर हाय गं. मास्तरांना कायबी बोलू नको. माज्याच ध्यानात ऱ्हात नाय."

त्यांनी मला वाचवलं नाही, हे लक्षात घ्या. ते मोठ्या मनाचे वगैरे होऊन बोलले नाहीत. त्यांना ते खरंच वाटलं. मास्तर म्हणतोय म्हणजे आपलंच चुकलं असणार.

पुढे बरेच दिवस ते अंथरुणाला होते. मी बघायला गेलो नाही. आता ते येणार नाहीत म्हणून मला हायसं वाटलं. त्यांचा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर आला, तेव्हा मीही हसणारं तोंड टाकलं.

आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ते परत आले. थोडे वाकून चालत. बरोबर गावातली आणखी चौघं — सगळे जमीनवाले, सगळ्यांच्या हातात ती कार्डं. काका म्हणाले, "मास्तर, मला एकट्याला जमंना. म्हून ह्यांना आनलं. एकमेकांचं बघून तरी जमंल."

ती माणसं कोरी होती. त्यांना मी बरोबर शिकवू शकत होतो, काकांनाही सावकाश सरळ करू शकत होतो. पण ती बरोबर मारायला लागली असती, तर काकांना शेजारी उभं राहून दिसलं नसतं का, की मास्तरने आपल्याला काय शिकवलं? मग मी काय केलं असेल?

मी त्या चौघांनाही तेच शिकवलं.

या वेळी हसवण्यासाठी नाही, रागाने नाही. फक्त पकडला जाऊ नये म्हणून. शनिवारी सकाळी आमच्या मैदानावर आलात तर दिसेल — पाच म्हातारी माणसं एका ओळीत, एकदम बैठक मारतात, एकदम कोपरं बाहेर काढतात, आणि एकदम डोंगराकडे बघतात. काठी फिरवण्याच्या या तऱ्हेला मेंबर 'गावठी स्विंग' म्हणतात. त्यात गावाचं काही नाही. त्यातला प्रत्येक भाग मी, कोच राजने, डोकं लावून बनवलेला आहे. त्यांच्यातल्या आणखी एकाने आता पट्टा बांधायला सुरुवात केली आहे.

गेल्या गुरुपौर्णिमेला ते पाचही जण शाल आणि नारळ घेऊन आले. शाल घातली. मग काका पाया पडायला वाकायला लागले. माझ्या बापापेक्षा मोठा माणूस. कंबर वाकेना, म्हणून शेजारच्याच्या खांद्याला धरून ते हळूहळू खाली गेले, आणि त्यांचा हात माझ्या बुटांना लागला.

मी पाय मागे घेतले नाहीत.

घरी बायकोने नारळ फोडला. आत खराब निघावा असं मला वाटत होतं. निघाला गोड. तिने नारळीभात केला. मी दोनदा वाढून घेतला.