पाच अन् तीनाचं हासील

गणिताच्या तासाला दिगंबर मास्तर स्वतःच्या कमरेला दोन दोर बांधून घेत. सारख्या अंगापिंडाची आठ पोरं निवडत. एका दोराला पाच, दुसऱ्याला तीन. दोन्ही दोर दाराकडे ओढले की आठ जणांचा जोर मास्तरांना थेट ओट्यापर्यंत नेई. एकमेकांच्या उलट ओढले की दोन पोरांचाच जोर उरे. तिरके ओढले की दोन आणि आठ यांच्यामधलं काहीतरी. पोरांना मजा वाटे. मास्तर दमेकरी, मग भिंतीला टेकून धापा टाकत म्हणत, "दोनपासून आठापर्यंत काय बी व्हतंय. आदी तोंड कुणीकडं ते इचार बे, मग हासील!"

निजामाचं राज्य, शाळेला मदरसा म्हणत, पुस्तकं उर्दू. दोन जोर मिळून जो एक जोर होतो, त्याला पुस्तकात 'हासिल' म्हणत. आमच्या पोरांना हाशील म्हणजे फायदा एवढंच ठाऊक. "मास्तर, तुमाला ओढून काय हाशील?" असं एकाने खरंच विचारलं होतं.

एकदा तपासणीला शाळाखात्याचे मोहतमीम साहेब आले; मास्तरांच्या बदल्या त्यांच्याच हातात. माणूस फारसीचा विद्वान, गणिताशी फारसं देणंघेणं नाही. त्यांच्या कागदावर प्रश्न होता, पाच आणि तीन जोरांचं हासिल किती? उत्तरही लिहून आणलेलं, आठ. वर्गातून आवाज आला, "दोन ते आठ, हुजूर. तोंड कुणीकडं?" साहेबांना ती थट्टा वाटली. ते लालबुंद झाले.

मास्तरांनी 'आठ' म्हणून विषय मिटवायला हवा होता. घरी बायको वर्षभर अंथरुणाला खिळलेली; बैलगाडीचे धक्के तिला सोसले नसते. बदली झाली तर तिला गावातल्याच माहेरच्यांवर टाकून जावं लागणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी ते म्हणाले, "तोंड एकीकडं असंल तरच आठ, हुजूर."

साहेब माझ्याकडे वळले. मीही त्याच शाळेत गणित शिकवत होतो, तपासणीसाठी वर्गात हजर होतो. "आप बताइए."

"आठ, हुजूर," मी म्हणालो. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

आठवड्यात सिरसाळ्याला बदलीचा हुकूम आला. गाडीत त्यांची वळकटी ठेवताना मी म्हणालो, "मास्तर, अडून बसून काय हाशील झालं?"

रागवायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. "तुमी गप ऱ्हायला असता तर माझे पाच तरी ऱ्हायले असते," ते म्हणाले. "तुमी उलटं ओढलं."

चार महिन्यांनी त्यांची बायको गेली. सिरसाळ्याहून ते पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. खांदा मी दिला होता.