खुनी कोण, ते आधी मी सांगायचे

शुक्रवारी जेवणं झाली की बाबा पडदे ओढायचे आणि एखादा जुना अमेरिकन डिटेक्टिव्ह सिनेमा लावायचे. काळापांढरा, जेमतेम सव्वा तासाचा, अगदी स्वस्तात काढलेला. हॉटेलची खोली, डॉक्टरचा दवाखाना, पोलीस ठाणं, तिन्हीकडे दार तेच आणि टेबलावरचा दिवाही तोच. असलं काही शोधून काढणं हा आमचा खेळ होता. शेवटची दहा मिनिटं राहिली की बाबा सिनेमा थांबवायचे, माझ्याकडे वळायचे आणि विचारायचे, "बोल, खुनी कोण?" मी तीन-चार वाक्यांत, तेही इंग्रजीत, सांगायचे; मराठी मला पटकन जमायचं नाही. आठवडाभरात बाबांशी माझं खरं बोलणं एवढंच व्हायचं. मला ते पुरायचं.

मग पुण्याहून माझी आतेबहीण आली. तिला इथे आखातात, लुसैल शहरात नोकरी लागली होती. खोली मिळेपर्यंत ती आमच्याकडे, अल वक्राला राहणार होती. पहिल्याच शुक्रवारी ती सोफ्यावर मांडी घालून बसली आणि ओरडली, "मामा, हा हवालदार बघा! मघाशी बॅगा उचलत होता तोच. नुसती मिशी चिकटवलीय!" बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मिशी मलाही दिसली होती. मी फक्त बोलण्याआधी वाक्य मनात जुळवत होते. त्या दिवशी सिनेमा थांबवल्यावर बाबा तिच्याकडे वळले.

पुढचे दोन शुक्रवारही तसेच गेले. तिचं उत्तर चुकायचं, तरी बाबा खूश. चौथ्या आठवड्यात बाबांनी कुठला सिनेमा काढून ठेवलाय ते मी पाहिलं आणि गुरुवारी संध्याकाळी माझ्या खोलीत, इयरफोन लावून, तो शेवटपर्यंत बघितला.

शुक्रवारी बाबांनी सिनेमा थांबवला. ते कुणाकडे वळायच्या आत मीच बोलले, आणि मराठीत. "डॉक्टरने मारलं. त्याचा दुसरा हातमोजा गाडीत सापडेल."

"हातमोजा? कुठला हातमोजा?"

हातमोजा अजून सिनेमात आलाच नव्हता. माझे कान तापले. आतेबहिणीने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं.

"अहो मामा, मधे डोळा लागला होता तुमचा," ती म्हणाली. "पहिला जिन्यात पडला नाही का?"

"असेल, असेल," बाबा ओशाळून हसले. पुढे गाडीतून हातमोजा निघाला तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! आणि चक्क मराठीत!"

मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा ती चहा गाळत होती. आभार मानायला हवे होते, ते तोंडातून निघेनात.

"खोटं कशाला बोललीस?"

"अगं, सिनेमा तर आहे. एवढं काय त्यात!"

ती खरंच तसं समजत होती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"पोरींनो, चहा होतोय का आज?" बाबांनी बाहेरून विचारलं.

ती तोंड उघडायच्या आत मी "आणते" म्हणाले आणि ट्रे उचलला. तिचा कप अजून भरायचा होता.