व्हर्लिनचं थँक यू

रंगमंचाच्या कामात माझ्या हाताखाली नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी मी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं करते आणि पाठीमागून हाक देते, "दहा मिनिटं!" त्याने नुसतं "थँक यू" म्हटलेलं मला चालत नाही. "थँक यू, दहा" असं म्हणावं लागतं. मग मी वीस पावलं मागे जाते आणि आवाज खाली आणून दुसरी हाक देते. पोरं हसतात, बाईचं डोकं फिरलंय म्हणतात. हसू देत. व्हर्लिन हॉगडालला मी असं एकदाही उभं केलं नाही, आणि ते मला अजून खातं.

तेव्हा मी वीस वर्षांची होते. मिनेसोटाच्या उत्तरेला आमच्या गावच्या कम्युनिटी कॉलेजात रंगमंचाच्या कामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. नट व्हायची हौस असलेले आरशांच्या खोलीत जायचे आणि आम्ही नऊ जण सुतारकामाच्या खोलीत. त्या नऊ जणांत व्हर्लिन चोपन्न वर्षांचा. तीस वर्षं कागदाच्या कारखान्यात काढली, कारखाना बंद पडला, आणि त्याच्या बायकोने, आर्लिसने, वाचनालयातल्या फळ्यावर आमच्या अभ्यासक्रमाची जाहिरात पाहिली. पहिल्या दिवशी तो हरणाच्या सॉसेजची सँडविचं आणि आर्लिसने भाजलेल्या खजुराच्या वड्यांचा डबा घेऊन आला. "खा रे पोरांनो, नाहीतर घरी गेल्यावर मला ऐकावं लागेल," म्हणाला. आम्ही तिथल्या तिथे त्याचं नाव आजोबा ठेवलं.

त्याला सगळ्या गाठी आधीच येत होत्या. बाप तळ्यावर जाळी टाकायचा, त्याच्याकडून शिकलेला. कोवाचबाई आम्हाला शिकवायच्या, तिखट बाई, कौतुक म्हणून कुणाचं करायच्या नाहीत. पण तिसऱ्या आठवड्यात त्यांनी व्हर्लिनचे हात पाहिले आणि त्याला पडदे वर-खाली करायच्या दोरांवर कामाला उभं केलं.

आमच्या रंगमंचावर पडदे लांब लोखंडी नळ्यांना बांधलेले असायचे. प्रत्येक नळीच्या तोलाला बाजूच्या भिंतीलगत एक पाळणा, त्यात लोखंडाच्या विटा रचलेल्या. नळी खाली आली की पाळणा वर जातो, चाळीस फूट. तोल बरोबर असला तर चारशे पौंडांचा पडदा एका हाताने उचलता येतो. तोल चुकला तर दोर अडकवायची खीळही धरत नाही आणि जड बाजू खाली कोसळते. म्हणून नियम एकच होता आणि कोवाचबाई तो रोज म्हणून घ्यायच्या: आधी वरच्या सज्जातून वजनं काढायची, मगच पडद्याच्या गाठी सोडायच्या. उलटं कधीही नाही.

दुसरी शिस्त हाकांची. कुणीही हाक दिली की ऐकणाऱ्या प्रत्येकाने "थँक यू" म्हणायचं. सौजन्य म्हणून नव्हे, ऐकू आलं हे कळावं म्हणून. फक्त एका हाकेला कुणी थँक यू म्हणत नाही. वरून काही पडताना दिसलं की जो पाहील त्याने "डोकी!" म्हणून ओरडायचं, आणि बाकीच्यांनी वर न बघता, डोकं झाकून, जिथे उभे असतील तिथून पळायचं.

ऑक्टोबरात दिवे बांधताना वरच्या शिडीवरून कुणाच्या तरी हातून पाना सुटला. "डोकी!" आम्ही सगळे पळालो. व्हर्लिन रंगमंचाच्या मधोमध उभा राहिला. पाना त्याच्यापासून हातभरावर फळीत रुतला. त्याने आमच्याकडे पाहिलं, आमची हलणारी तोंडं पाहिली, आणि हसून म्हणाला, "थँक यू!"

सगळे खो खो हसले. लोर्ना म्हणून एक दणकट मुलगी आमच्या वर्गात होती, ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही मरताना पण थँक यू म्हणाल!"

मी हसले नाही. मी स्टेज मॅनेजरचं काम शिकत होते. हाका द्यायच्या आणि उत्तरं मोजायची, हेच माझं काम. महिनाभर मला एक गोष्ट टोचत होती. व्हर्लिनचं थँक यू नेहमी सगळ्यात शेवटी यायचं, बाकीच्यांचं होऊन अर्धा श्वास गेल्यावर. आणि तो कधीच आकडा म्हणायचा नाही.

दुसऱ्या दिवशी तो करवतीपाशी एकटा होता. मी मागे जाऊन म्हटलं, "व्हर्लिन, तुमच्या शर्टाला आग लागलीय."

तो फळी घासत राहिला.

मी समोर गेल्यावर माझा चेहरा बघूनच त्याला कळलं. घासणं थांबवून तो म्हणाला, "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"कालपासून. किती ऐकू येतं?"

"डाव्या कानाने काही नाही. उजव्याने, समोर माणूस असला आणि तोंड दिसलं तर बरंचसं. कारखान्यातल्या यंत्रांनी खाल्ले कान."

"मग दोरांवर कसे उभे राहता तुम्ही? बाईंना सांगा. त्या सुतारकामाला लावतील तुम्हाला."

"सुतार गावात पन्नास आहेत, पोरी." त्याने फळी खाली ठेवली. "डुलुथच्या मोठ्या नाट्यगृहात बाईंच्या शब्दावर दरवर्षी दोरांचा एक माणूस घेतात. बाईंनी यंदा माझं नाव द्यायचं ठरवलंय. या वयात मला दुसरं कोण उभं करणार? दोर हातात धरला की पडद्याचं वजन मला कळतं. त्याला कान लागत नाहीत. आणि खेळ चालू असताना तर इशाऱ्याचा लाल दिवा असतो. दिवा विझला, पडदा सोडला."

"आणि बाकीच्या वेळी?"

"बाकीच्या वेळी तू आहेस की," असं म्हणून तो हसला, आणि मी विरघळले.

खोटं कशाला सांगू? मला भारी वाटलं. एवढ्या मोठ्या माणसाचं गुपित माझ्या मुठीत होतं. आम्ही खुणा ठरवल्या. मूठ म्हणजे तयार राहा. तळवा खाली म्हणजे सोड. मिनिटं बोटांवर. हाताची फुली म्हणजे दोरांपासून बाजूला हो. मी हाक द्यायचे आणि त्याला दिसेल असा हात उचलायचे. त्याचं थँक यू आता सगळ्यांच्या बरोबर येऊ लागलं, आकड्यासकट. कोवाचबाई एकदा म्हणाल्या, "व्हर्लिन सुधारला बघ." मी मान डोलावली.

एका हाकेची खूण मात्र आम्ही ठरवली नाही. तिला उत्तर द्यायचं नसतं, म्हणून ती आमच्या डोक्यातच आली नाही.

हिवाळाभर मला वाईट स्वप्नं पडत होती असं मी म्हणणार नाही, पण रंगमंचावर गेले की आधी तो कुठे आहे ते शोधायचे. तो भिंतीकडे वळला की माझा जीव टांगणीला लागायचा. फेब्रुवारीत दोनदा मी बाईंच्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा त्या फोनवर होत्या. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "बोल," आणि मी विचारलं की सरावाची वेळ बदलता येईल का.

एप्रिलमध्ये आमचं नाटक झालं, दीपगृहातल्या दोन बहिणींचं. मागे रंगवलेल्या समुद्राचा भलामोठा पडदा, एकोणिसाव्या नळीला. पाचही खेळांत व्हर्लिनने तो इतका हळुवार उतरवला की लोकांनी पडद्याला टाळ्या दिल्या. डुलुथहून पत्र आलं होतं. पुढच्या सोमवारी त्याला भेटायला बोलावलं होतं. आर्लिसने त्याचा सूट धुवायला टाकला होता.

रविवारी दुपारी शेवटचा खेळ संपला. आमच्याकडे रिवाज असा की शेवटच्या खेळानंतर सगळ्यांनी मिळून रंगमंच मोकळा करायचा, नटांनीसुद्धा. तोंडाचे रंग न पुसता नट कामाला लागतात, आणि त्यांना सगळी घाई असते, कारण नंतर जेवण असतं. आर्लिस बाहेरच्या दालनात भाताचं सूप गरम करत होती. वास आत येत होता.

समुद्राची नळी खाली आली. पाळणा वर सज्जाला लागला. लोर्ना सज्जात उभी होती, माझ्या शब्दाची वाट बघत. वजनं काढून तिने "मोकळं" म्हणेपर्यंत नळीजवळ उभं राहून कुणाला गाठीला हात लावू द्यायचा नाही, हे माझं काम. पण वजनं काढायच्या आधी पाळण्याखालची जागा रिकामी पाहिजे. मी हाक दिली, "दोरांपासून बाजूला!"

व्हर्लिन आमच्याकडे पाठ करून खीळ तपासत होता. बाकीचे थँक यू म्हणाले. तो नाही.

दुसऱ्या कुणाचा कान असता तर मी जागेवरूनच पुन्हा ओरडले असते. त्याला मात्र समोर जाऊनच फुली दाखवावी लागणार होती. म्हणून मी नळी सोडून निघाले. पंधरा पावलं असतील. जाताना मागच्या नटांना एवढंही म्हटलं नाही की थांबा.

त्यांनी थँक यू ऐकलं होतं. त्यांना वाटलं, झालं, वजनं निघाली. चौघं भराभर गाठी सोडू लागले, चढाओढ लावून.

मी अर्ध्या वाटेवर असताना मागे नळी कण्हली. वळून पाहिलं तर अर्धा समुद्र जमिनीवर पडला होता आणि हलकी झालेली नळी वर सरकत होती. वरून लोर्ना किंचाळली, "डोकी!" मग आम्ही सगळेच ओरडलो, अकरा जण एका सुरात.

व्हर्लिन वळला. कदाचित दोर त्याच्या हाताला हलल्यासारखा वाटला असेल. दोराकडे पाठ करून तो आमच्याकडे बघत उभा राहिला. अकरा उघडी तोंडं त्याला दिसली. त्याने मला शोधलं. माझे हात दोन्ही बाजूंना लटकत होते. माझं तोंडही बाकीच्यांसारखंच उघडं होतं.

तो हसला आणि म्हणाला, "थँक यू."

मग पाळणा आला.

कॉलेजने चौकशी केली. सुरक्षेचा अधिकारी एकेकाला विचारत होता, इशारा दिला होता का? सगळ्यांनी एकच सांगितलं, आणि खरं तेच सांगितलं: आम्ही ओरडलो, त्यांनी ऐकलं, उत्तरसुद्धा दिलं. त्याने ते लिहून घेतलं आणि शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. "इशारा देण्यात आला. मृताने तो ऐकल्याचं स्पष्ट शब्दांत कळवलं, परंतु जागा सोडली नाही." आर्लिस पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर त्याची टोपी घेऊन.

मी उठले. म्हटलं, "त्यांनी ऐकलं नाही. त्यांना ऐकू येत नव्हतं. ते सगळ्यालाच थँक यू म्हणायचे. मला ऑक्टोबरपासून ठाऊक होतं."

कोवाचबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग डोळे मिटून घेतले.

बाहेर दालनात आर्लिस माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही मला मारणार, आणि मारावं असंच मला वाटत होतं.

"मी बाईंना सांगायला हवं होतं," मी म्हटलं.

"त्याचं अक्षर वाईट होतं," ती म्हणाली. मला काही कळेना. ती टोपीची कड बोटांनी दुमडत राहिली. "कॉलेजचा फॉर्म मी भरला होता. स्वयंपाकघरात बसून. त्यात विचारलं होतं, ऐकण्यात काही दोष आहे का. मी मोठ्याने वाचलं. तो खिडकीपाशी उभा होता, माझ्याकडे पाठ करून. काहीच बोलला नाही. मी पण पुन्हा विचारलं नाही गं. 'नाही' लिहिलं आणि पाकीट चिकटवलं."