झाकणाशिवाय चालत नाही!

सांगा नाना, लिहा नाना म्हणून कट्ट्यावरच्या चौघांनी डोकं खाल्लं माझं! चौथी नापास माणसाच्या हातात पेन देता, लाजा वाटतात का रे? बरं, लिहितो. पण मधे कोणी बोलायचं नाही.

नाशकात गंगापूर रोडला एका परदेशी कंपनीच्या मिक्सरचं सर्विस सेंटर होतं. तिथं मी अकरा वर्षं मेकॅनिक. जळक्या मोटारी बाकाखाली साठायच्या, तसे हे किस्से साठले. मोटारी निदान भंगारवाला तरी नेतो. हे कोण नेणार?

*

कंपनी नवीन नवीन आली, तेव्हाची गोष्ट. टीव्हीवर एक नटी मिक्सरमध्ये हळकुंडं टाकायची, बटण दाबायची आणि हसायची. ते बघून देवळा गावच्या एका बाईनं टाकली हळकुंडं. मोटार जळली! बाई मिक्सर मांडीवर घेऊन एसटीनं नाशकात आली.

आमचे एरिया मॅनेजर सबनीस साहेब. भर उन्हाळ्यात गळ्याला टाय. त्यांनी पुस्तिका उघडून बोट ठेवलं. "बाई, पान एकतीस. हळकुंडं टाकू नयेत असं स्पष्ट छापलंय."

छापलं होतं. इंग्रजीत!

बाई म्हणाली, "मंग त्या टीव्हीतल्या बाईला कोणी नाय दाखवलं का पान एकतीस?"

*

मग हेड ऑफिसनं एक रबरी शिक्का पाठवला. 'ग्राहकाने चुकीचा वापर केला.' तक्रारीच्या प्रत्येक कागदावर हाणायचा. मोटार जळली, हाण शिक्का. भांडं गळलं, हाण शिक्का.

एकदा दुकानदाराकडून खोकंच परत आलं. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. आम्ही उघडलं, तर आत भांड्याला ही एवढी चीर!

सबनीस म्हणाले, "मारा शिक्का."

"अहो साहेब, हा मिक्सर अजून कोणी विकतच घेतला नाही. ग्राहक आणू कुठून?"

"मारा हो नाना, डोकं नका लावू!"

मारला. मीच मारला, खोटं कशाला बोलू.

*

तक्रारीसाठी कंपनीनं फुकटचा फोन नंबर दिला होता. सातपूरच्या एका गुरुजींनी सकाळी तो लावला. पलीकडून एक बाई गोड आवाजात, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." मग पिपाणी वाजायची. मग पुन्हा तीच बाई.

दुसऱ्या दिवशी गुरुजी सेंटरवर आले ते तापूनच. "बायकोनं पाट्यावर चटणी वाटली. जेवणं झाली, भांडी झाली, दुपारची झोप झाली. तुमची बाई अजून महत्त्वाचाच म्हणतेय!"

*

हसताय ना? आता ऐका.

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं, 'झाकणाशिवाय चालत नाही!' झाकणाखाली एक बारका खटका असायचा. झाकण काढलं की खटका वर उडणार आणि मशीन बंद पडणार. कागदावर झकास! पण आपल्याकडे काळा मसाला करतात. ती पूड खटक्यात बसली की तो खालीच अडकायचा. मग झाकण असो नसो, पातं फिरणारच.

अडकलेले सात खटके मी सबनीसांच्या टेबलावर ओळीनं मांडले. "साहेब, कंपनीला कळवा. कोणाचा तरी हात जाईल."

महिन्यानं म्हणाले, "कळवलं. त्यांचं उत्तर आलंय, आमच्या देशात असं होत नाही."

"त्यांच्या देशात काळा मसाला करतात का?"

साहेबांनी सातही खटके ड्रॉवरमध्ये लोटले. "हे बाहेर बोलायचं नाही, नाना."

नाही बोललो. घरीसुद्धा नाही.

*

माझी थोरली बहीण, आक्का, त्र्यंबकेश्वरला देवळापाशी हार करून विकायची. तिच्याकडे तोच मिक्सर, मीच घेऊन दिलेला. घेताना मीच सांगितलं होतं, "आक्का, झाकण काढलं की चालतच नाही बघ."

लोडशेडिंगचे दिवस. मसाला करताना लाइट गेली. तिनं झाकण काढलं आणि पात्याखालचा मसाला बोटांनी मोकळा करायला लागली. बटण चालूच राहिलं होतं. लाइट आली.

उजव्या हाताची दोन बोटं गेली.

तक्रारीचा कागद माझ्याच बाकावर आला. सबनीस म्हणाले, "बटण बंद करायला नको का? मारा शिक्का."

मी शिक्का उचललाच नाही. मग त्यांनी स्वतः मारला आणि खाली इंग्रजीत दोन ओळी खरडल्या. मी तो कागद मेडिकलवाल्याकडून वाचून घेतला. लिहिलं होतं, 'मेकॅनिक अडाणी आहे. दारूच्या नशेत खटका त्यानेच बिघडवला.'

मी! ज्यानं आयुष्यात तंबाखूची चिमूटसुद्धा तोंडात टाकली नाही!

*

त्यानंतर परदेशातला मोठा साहेब नाशकात आला. हॉटेलच्या हॉलमध्ये सगळे दुकानदार जमवलेले. मिक्सर चालवून दाखवायला टेबलापाशी मी. साहेबासाठी हार आणायचं कामही माझ्याचकडे. मी आक्कालाच हार घेऊन बोलावलं. ती पहिल्या रांगेत बसली, उजवा हात पदराखाली.

सबनीस माइकवर ओरडले, "आपला मिक्सर झाकणाशिवाय चालत नाही!" टाळ्या!

मी नवा मिक्सर बाजूला सारला आणि पिशवीतून आक्काचा काढून मांडला. वायर बोर्डाला लावली. मिक्सरचं बटण चालू, बोर्डाचं बंद. झाकण काढून खाली ठेवलं आणि बोर्डाच्या बटणावर बोट ठेवून उभा राहिलो.

"सबनीस साहेब, हात घाला आत."

सबनीस टेबलापासून एक पाऊल मागे सरले.

"झाकणाशिवाय चालत नाही ना? मग घाला की! मी फक्त लाइट आल्यासारखं करतो."

मोठ्या साहेबानं शेजारच्याला विचारलं, हा काय म्हणतोय? त्यानं कानात सांगितलं. साहेब सबनीसांकडे बघायला लागला. सबनीसांनी माइक खाली ठेवला आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

तेवढ्यात आक्का उठली. टेबलापाशी आली, पदराखालचा हात बाहेर काढला.

"राहू द्या साहेब, तुम्ही कशाला? मी घालते. माझी आठ हायेत अजून."

इतकी वर्षं झाली, माफी अजून यायची आहे. सबनीस साहेबांची.