कोणाला काही खटकलं?

कुंदाताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तिच्याच संस्थेसाठी अनुदानाचा अर्ज लिहीत होतो. ‘कुंदाताई रोज स्वतः...’ इथपर्यंत आलो होतो. ते वाक्य पुढे कित्येक दिवस तसंच पडून राहिलं.

कुंदाताई माझी मावसबहीण. डोंबिवलीत, कोपर स्टेशनपासून जवळच एका इमारतीच्या तळमजल्यावर ती दिव्यांगांसाठी कार्यशाळा चालवायची. शाळेचं वय उलटून गेलेली, घरात बसून राहिलेली माणसं तिथे यायची, कापडी पिशव्या शिवायची, भांडायची, डबे वाटून खायची. मी राहतो ठाण्याला, वर्तकनगरात. “तुला ऑफिसचे कागद कळतात ना, मग आमचेही तूच लिही,” असं म्हणून तिनं अर्ज आणि अहवाल माझ्या गळ्यात घातले. एकच अट होती. ज्यांच्याबद्दल लिहिलंय, त्यांना ऐकवल्याशिवाय कागद बाहेर जायचा नाही. शनिवारी सगळे गोल करून बसायचे आणि मी मोठ्यानं वाचायचो. वाचून झालं की ताई चष्म्याचं घर टेबलावर आपटायची. “बोला, कोणाला काही खटकलं?” प्रकाशला दिसतं अगदी कमी, पण त्याच्या कानातून काही सुटत नाही. एकदा म्हणाला, “सुहासदादा, ते ‘दयनीय’ म्हणजे मी का? मग दयनीय माणसाला आज दोन भजी जास्त द्या!” सगळे हसले, मी शब्द खोडला. मनातून मात्र मला हा सगळा प्रकार वेळ घालवणारा वाटायचा.

आमच्याकडे दोन सोबतिणी होत्या. सकाळी सगळ्यांना घरून आणायचं, संध्याकाळी नेऊन पोचवायचं, हे त्यांचं काम. त्यांचा पगार एका कंपनीच्या अनुदानातून व्हायचा आणि त्या कंपनीला वर्षाचा अहवाल द्यायचा होता. शेवटचा दिवस शनिवारच होता. मी घोडबंदर रोडच्या कोंडीत अडकलो, कोपरला पोचणं शक्य नव्हतं. कोणालाही न ऐकवताच गाडीतून अहवाल पाठवून दिला. त्यात मी लिहिलं होतं की आमचे सर्व सदस्य आता स्वावलंबी झाले असून स्वतंत्रपणे ये-जा करतात. खरं एवढंच होतं की एका सकाळी कार्यशाळेतली सरिता गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत एकटी चालत आली होती, आणि तेव्हाही सोबतीण तिच्या मागे उभी होती. मला तो क्षण फार आवडला होता. मी त्याचं वाक्य केलं आणि ते सगळ्यांना चिकटवलं. शनिवारी वाचलं असतं, तर पहिल्या झटक्यात कोणीतरी मला थांबवलं असतं.

कंपनीनं अभिनंदन केलं आणि पुढच्या वर्षी सोबतिणींचा खर्च काढून टाकला. सगळे एकटे येतात-जातात, मग सोबत कशाला? त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, इतकंच. मी चूक कबूल करून कळवलं, पण त्यांच्या निधीची वाटणी होऊन गेली होती. ताईनं पत्र वाचलं आणि हसली. “अरे सुहास, तुझ्या कागदावर सगळे भराभरा चालायला लागले की रे!” ती रागावली असती तर बरं झालं असतं...

जवळ राहणाऱ्यांना मग ती स्वतःच आणू-सोडू लागली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कोणाचा तरी हात. सरिता लांब राहायची, ती घरीच बसली. मी शेवटचा भेटलो तेव्हा ताई कोणाला तरी सोडून धापा टाकत आली होती. “ताई, रिक्षा करत जा ना गं.” “रिक्षात गप्पा होत नाहीत नीट,” म्हणाली आणि चहा टाकायला गेली. तिचं हृदय आधीपासूनच कमजोर होतं, चालण्याशी त्याचा संबंध नाही, असं डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं. डॉक्टर खोटं बोलत नसतील. तरीही...

गेल्या शनिवारी अर्ज घेऊन कोपरला गेलो. सोबतिणींचा खर्च या वेळी सगळ्यात वर मांडला होता. तो मिळाला तरच सरिता रोज येऊ शकणार आहे. वाटेत तिला घरून घेतलं. रिक्षातून उतरून रस्ता ओलांडताना एक मोटरसायकल जवळून गेली, तेव्हा तिनं माझं मनगट असं घट्ट धरलं की माझं ते ‘स्वतंत्रपणे ये-जा करतात’ मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

मी अर्ज वाचला. ताईबद्दलचं अर्धं राहिलेलं वाक्य मी असं पुरं केलं होतं : ‘कुंदाताई रोज स्वतः झिजल्या, या पोरक्या जिवांसाठी.’ वाचून झालं. विचारणाऱ्या ताईची खुर्ची रिकामी होती. चष्म्याचं घर अजून टेबलावरच होतं. फारसं न बोलणाऱ्या सरितानं हात लांब करून ते उचललं आणि आपटलं. “बोला.”

“मला खटकलं,” प्रकाश म्हणाला. “पोरका कोण? माझी आई घरी आमटी करतेय. आणि ताई कसल्या झिजतायत! दुपारी मस्त घोरायच्या.”

हसता हसता दोघा-तिघांनी डोळे पुसले. मी ओळ खोडली. “मग काय लिहू? कुंदाताई रोज स्वतः... काय?”

“हात धरायच्या,” सरिता म्हणाली.

मी तेवढंच लिहिलं आणि विचारलं, “आता कोणाला काही खटकलं?”